साडेपाचपर्यंत वाट उघडी

बेटावर बघण्यासारखी ठिकाणं तेवीस आणि हातात दिवस पाच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होईल तेवढं बघू, उरलं ते पुढच्या खेपेला. पण हे पडले कंट्रोलर. बत्तीस वर्षं बस डेपोत गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्या आखल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घरात, गल्लीत, व्याह्यांकडेसुद्धा नाव कंट्रोलरच राहिलं. निघायच्या आधीच त्यांनी पाच दिवसांचे पाच कागद तयार केले होते. फूटपट्टी लावून मारलेल्या रेघा, डावीकडे वेळ, मध्ये ठिकाण, उजवीकडे शेरा. धबधबा, पन्नास मिनिटं. पक्ष्यांची दलदल, चाळीस मिनिटं, शेरा: बूट घालणे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ, पस्तीस मिनिटं, शेरा: मळमळीची गोळी आधी घेणे. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ‘खोलीवर परत’, त्याखाली लाल शाईची रेघ.

त्या लाल रेघेला कारण होतं आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. कंट्रोलरांच्या बायकोचे, म्हणजे लॅबताईंचे, डोळे चालले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर वर्तुळ काढून समजावलं होतं: आतला पडदा कडेकडेने मरत येतो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नळीतून बघावं तेवढंच उरतं, आणि शेवटी तेही नाही. कंट्रोलरांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हे काय उत्तर झालं? डेपोच्या चौकशीच्या खिडकीवर कुणी असं उत्तर दिलं असतं तर कंट्रोलरांनी त्याला मेमो दिला असता. पण डॉक्टरीणबाईंना मेमो कोण देणार! दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, बघायचं ते बघून घ्या. कंट्रोलरांनी ते अगदी मनावर घेतलं. वेळ कमी म्हणून ठिकाणं जास्त, असा त्यांचा सरळ हिशेब होता. माणसाचा बायकोवर जीव होता, यात शंका नाही. फक्त तो जीव त्यांनी रकान्यांत बसवला होता.

लॅबताईंचं म्हणाल तर त्यांना तेवीस ठिकाणं नकोच होती. त्यांना एक झाड हवं होतं. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लांबलांबच्या किनाऱ्यांवरून, जंगलांतून वाळवून आलेली पानंफुलं जाड कागदावर चिकटवायची आणि खाली सुबक अक्षरात माहिती लिहायची. त्यात किनाऱ्यावरच्या एका झाडाचं फूल नेहमी यायचं. कागदाच्या घडीत दाबून, वाळून आलेलं, चहाच्या गाळणीत उरलेल्या चोथ्यासारखं तपकिरी काहीतरी. ते चिमट्याने सोडवून चिकटवायचं आणि खाली लिहायचं: ‘फूल पांढरे, तंतू असंख्य, टोके गुलाबी, वास गोड, संध्याकाळी उमलते, सकाळपर्यंत गळते.’ हे वाक्य ताईंनी दोनेकशे वेळा तरी लिहिलं असेल. पांढरं काय नि गुलाबी काय, एकदाही पाहिलं नव्हतं.

ते झाड या बेटावर होतं. बेटाच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी कडा असलेल्या वाळूच्या एका छोट्या पुळणीवर. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, एक संध्याकाळ तिथे नुसतं बसू या. कंट्रोलरांनी कागद पुढे केला. पुळण गुरुवारी होती, साडेतीन ते पावणेपाच. संध्याकाळचं तुला दिसतं कुठे, अंधारात खडकावरून पाय घसरला म्हणजे काय करायचं, आणि झाड काय, दुपारीही तेच असतं. झाड तेच असतं, फूल नसतं, हे ताईंनी त्यांना सांगून झालं होतं. खरं सांगायचं तर या घरात पुन्हा बोलायची पद्धतच नव्हती.

कंट्रोलरांचा एक किस्सा होता, तो ते प्रत्येक लग्नकार्यात सांगत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ताईंना आजारी आईकडे जायचं होतं, पाच चाळीसच्या गाडीने. हातात पिशवी घेऊन डेपोच्या फाटकातून धावत येताना त्या कंट्रोलरांना खिडकीतून दिसल्या. दहा पावलं उरली होती. घड्याळात पाच चाळीस झाले आणि कंट्रोलरांनी शिट्टी दिली. गाडी गेली. पुढची गाडी दोन तासांनी. तोवर ताई समोरच्या बाकावर बसून राहिल्या आणि कंट्रोलरांनी आतून चहा पाठवला. सख्ख्या बायकोसाठी गाडी थांबवली नाही, तर तुमच्यासाठी काय थांबवणार, असं म्हणून ते किस्सा संपवत आणि मंडळी पोट धरून हसत. ताईसुद्धा हसत, निदान कंट्रोलरांना तसं वाटायचं.

तर सोमवारी जेवताना लॉजच्या मालकीणबाईंनी येऊन सांगितलं की धबधब्याचा वाटाड्या तापाने आडवा झालाय, उद्या नेता येणार नाही, गुरुवारपर्यंत उठेल. कंट्रोलर जरासुद्धा गडबडले नाहीत. डेपोत रोज कुणीतरी आजारी पडायचंच. मंगळवारची पाळी गुरुवारला, गुरुवारची मंगळवारला, संपलं. खिशातून पेन काढलं, दोन्ही कागदांवरचे वार खोडले, एकमेकांचे वार घातले आणि सही केली. गुरुवारच्या कागदावर शेऱ्यात लिहिलेलं होतं: ‘साडेपाचपर्यंत वाट उघडी.’ रविवारी धक्क्यावर बोटवाल्याला विचारून त्यांनी ते टिपलं होतं, कारण पुळणीवर जायची वाट कड्याच्या पायथ्याने, खडकांवरून होती आणि भरतीला ती बुडायची. ताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘म्हणजे उद्याच जायचं?’ असं विचारलं आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘बरं.’ तो ‘बरं’ कंट्रोलरांना नंतर चांगलाच आठवला.

मंगळवारी दुपारी निघताना कंट्रोलरांनी सवयीप्रमाणे पिशव्या हातात धरून वजन बघितलं. ताईंची पिशवी जड लागली. वरच टॉर्च होता, जुना, तीन सेलचा, पत्र्याचा. पाचला परत यायचं आणि टॉर्च कशाला? त्यांनी तो काढून खिडकीत ठेवला. खाली काय आहे ते बघायला वेळ नव्हता, दोन मिनिटं आधीच उशीर झाला होता. धक्क्यावरून जाताना ताई रोजच्यासारख्या तिथल्या काळ्या फळ्यासमोर थांबल्या. खडूने लिहिलेल्या त्या आकड्यांशी नाक लावून, मान हळूहळू फिरवत वाचत राहिल्या. यात रोज तीन-चार मिनिटं जायची. कंट्रोलर मनगटावर बोट आपटत उभे राहिले आणि मग दोघं कड्याच्या वाटेने निघाले.

वाट बरी होती. खडक कोरडे, मध्ये मध्ये साचलेली डबकी, डबक्यात बोटाएवढे निळे मासे. कंट्रोलर ताईंच्या दंडाला धरून पुढे चालत होते आणि ‘पायरी’, ‘शेवाळ’, ‘इथे मोठं पाऊल’ असं सांगत होते. साडेतीनला बरोब्बर पुळणीवर पाय पडला. कडा काळा, त्यावर नेचे लोंबणारे, कुठून कुठून पाणी ठिबकणारं. वाळूवर रिकाम्या शंखांतून संसार थाटलेले खेकडे हिंडत होते. आणि कड्याला लागून, जरा उंचावर, ते झाड. जाड चकचकीत पानं, फांद्या जवळजवळ वाळूला टेकलेल्या. कंट्रोलरांनी कडा बघितला, खेकडे बघितले, झाड बघितलं, कागदावर तिन्हींपुढे खूण केली. अकरा मिनिटं झाली होती. उरलेला वेळ ते घड्याळ बघत बसले. ताई झाडाखाली उभ्या राहून एकेक फांदी डोळ्यांशी ओढून घेत होत्या. एका फांदीच्या टोकाला लिंबाएवढी कळी होती, गच्च मिटलेली. ती सापडल्यावर त्या तिच्यापासून हलल्याच नाहीत.

पावणेपाचला कंट्रोलरांनी खिशातली शिट्टी वाजवली. हो, शिट्टी अजून खिशात असायची. ताईंचा हात धरला, कड्याचं वळण घेतलं आणि थांबले. वाट नव्हती. ज्या खडकांवरून आले ते खडक नव्हते, डबकी नव्हती, निळे मासे आता कुठे असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाणी कड्याला लागून वरखाली होत होतं. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं: चार सत्तेचाळीस. कागद काढून बघितला: साडेपाचपर्यंत वाट उघडी. पुन्हा समुद्राकडे बघितलं. गाडी वेळेआधी आली तर ड्रायव्हरला जाब विचारता येतो, समुद्राला काय विचारायचं!

ताईंना मागे उभं करून ते पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले, आणि एका लाटेने त्यांना उचलून असं बाजूला ठेवलं, जसं भाजीवाली किडकं वांगं बाजूला ठेवते. एक चप्पल गेली. वरच्या खिशातला फोन खाऱ्या पाण्यात न्हाऊन निघाला आणि कायमचा गप्प झाला. कसेबसे परत आले, शिट्टी तोंडात धरली आणि छाती दुखेपर्यंत वाजवली. ऐकायला तिथे कड्यावरची पाखरं होती, ती उडून गेली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण विहिरीला निदान पायऱ्या असतात. इथे मागे उभा कडा, पुढे समुद्र, आणि मधली वाळूची पट्टी दर लाटेगणिक हातभर कमी होणारी. कंट्रोलरांचं धाबं दणाणलं. त्यांना स्वतःची भीती नव्हती असं नाही, होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की तास-दीड तासात अंधार पडेल आणि या बाईला हाताशी आलेलं पाणीही दिसणार नाही.

झाडाच्या मुळांशी जाऊन दोघं बसली. तिथे कंट्रोलरांना मान खाली घालून विचार करायला वेळ मिळाला, आणि त्यांना आपली चूक कळली. लहानपणी शाळेत शिकलेलं आठवलं: चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग. आज जे पाणी चारला चढेल ते परवा साडेपाचला चढतं. बोटवाल्याने गुरुवारचं सांगितलं होतं. कंट्रोलरांनी वार बदलले, पाळ्या बदलल्या, आणि समुद्रही आपला मुकाट्याने बदली पाळीवर येईल असं धरून चालले. बत्तीस वर्षांत इतकी मोठी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. झाली असेल तर त्यांना कुणी सांगितली नव्हती.

‘माझं चुकलं,’ असं म्हणायला ते तोंड उघडणार, इतक्यात ताईंनी पिशवी पुढ्यात ओढली आणि पंचा काढून त्यांच्या हातात दिला. डोकं पुसा म्हणाल्या. कंट्रोलरांनी पुसलं. मग ताईंनी कोरडा सदरा काढला. तो त्यांनी घातला. मग डबा निघाला: लोणी लावलेला पाव, उकडलेली अंडी, केळी. पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या. वारा सुटला की कंट्रोलरांच्या कानाला त्रास व्हायचा, म्हणून मफलर निघाला. आणि शेवटी कागदाच्या पुडीत जपून गुंडाळलेली साखरेवरची गोळी, जी ते रात्री साडेसातला घेत. कंट्रोलर गोळीकडे बघत राहिले. पाचला परत येणाऱ्या माणसाबरोबर साडेसातची गोळी कोण देतं?

‘तुला माहीत होतं,’ ते म्हणाले.

‘धक्क्यावर फळ्यावर रोज लिहितात. आज चारला वाट बंद, असं लिहिलं होतं.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर आपण वेळेत परतलो असतो.’

कंट्रोलरांना तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्यांचा संताप झाला, आणि तो त्यांनी चांगला दहा मिनिटं बोलून दाखवला. जिवाशी खेळ आहे का हा, तुझं काही बरंवाईट झालं असतं तर लेकीला काय तोंड दाखवलं असतं, चप्पल गेली, फोन गेला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की लॉजच्या मालकीणबाईंशी काल रात्रीच बोलून ठेवलंय. पाणी झाडापर्यंत कधीच येत नाही, हेही विचारून घेतलंय. सातला बोटवाला बोट घेऊन येईल. म्हणजे मालकीणबाईंना माहीत, बोटवाल्याला माहीत, फळा वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत. एवढ्या बेटावर आजचं वेळापत्रक ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस होता. कंट्रोलर उठले आणि वाळूत येरझाऱ्या घालू लागले. पण घालणार कुठे, आठ पावलांवर समुद्र येत होता. आठ पावलं जायचं, वळायचं, आठ पावलं यायचं. थोड्या वेळाने ती सात झाली. पुढे ठिकाण नव्हतं, मागे ठिकाण नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं.

‘सात वाजेपर्यंत मी करू काय इथे?’ ते जवळजवळ ओरडलेच.

‘त्या दिवशी मी दोन तास बसले होते ना बाकावर,’ ताई म्हणाल्या. ‘आज तुम्ही बसा.’

कंट्रोलर बसले. चौतीस वर्षांत हा विषय ताईंनी पहिल्यांदा काढला होता. लग्नकार्यांत हा किस्सा आपण किती वेळा सांगितला, ते कंट्रोलर मनात मोजायला लागले आणि थोड्याच वेळात त्यांनी ते सोडून दिलं. तेव्हा ताईंची आई वाचली होती, पण चार महिन्यांनी गेली. त्या बाकावर बसून या बाईच्या मनात काय आलं असेल, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चहा पाठवला म्हणजे झालं, असं ते आजवर धरून चालले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे जागा नव्हती.

आता राहिली होती ती कळी. ताई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या, फांदी वाकवून, चेहरा वितीवर नेऊन. पण कळी ढिम्म. सहा वाजले, सूर्य कड्याआड गेला, कळी तशीच. सव्वासहाला ताईंनी विचारलं, तुम्हाला काही हलल्यासारखं वाटतं का? नाही, काही हललं नव्हतं. ताई आपल्या मनाचं समाधान केल्यासारख्या म्हणाल्या, कागदावर लिहिलंय ना, संध्याकाळी उमलते. पण संध्याकाळ म्हणजे नक्की किती वाजता, ते कागदावर कुठे होतं? दोनशे वेळा लिहिताना त्यांच्या मनातली संध्याकाळ उजेडाची होती. फुलाची संध्याकाळ अंधाराची निघाली. कंट्रोलरांनी पाळ्या बदलताना समुद्राला विचारलं नव्हतं आणि ताईंनी इतका बेत रचताना फुलाला विचारलं नव्हतं. उजेड भराभर उतरत होता. कंट्रोलरांना अजून पानंबिनं वेगळी दिसत होती, पण ताईंचा हात कळी सोडून बाजूच्या पानावर चाचपडत होता.

‘हरकत नाही,’ त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. ‘टॉर्च आहे.’

ताई पिशवीत हात घालून शोधत होत्या. पंचा बाहेर काढला, डबा बाहेर काढला, पिशवी वाळूवर उलटी केली आणि दोन्ही हातांनी वाळू चाचपली. खोलीतल्या खिडकीत ठेवलेला तो पत्र्याचा टॉर्च कंट्रोलरांना इथून लख्ख दिसत होता. बोलावं लागलंच. ‘मी काढून ठेवला,’ ते म्हणाले. ‘पाचला परत येणार होतो ना, म्हणून.’

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विस्कटलेलं सामान एकेक करून पिशवीत भरलं, डब्याचं झाकण दोनदा दाबून बघितलं, आणि झाडाच्या खोडाला पाठ टेकून बसल्या. डोळे मिटले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कंट्रोलर त्यांच्याकडे बघत होते आणि आपल्याला काहीएक करता येत नाही, हे त्यांना कळत होतं. कुठली गाडी सोडून ही चूक भरून निघणार नव्हती. समुद्राने अडवलं होतं ते काहीच नव्हतं, ते सातला सुटणार होतं. या बाईच्या डोळ्यांत बाजूने जो कडा सरकत येत होता, त्याला ओहोटी नव्हती, आणि त्या कड्याआत ती एकटी बसली होती. कंट्रोलरांनी तिला आल्या दिवसापासून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळवलं, आणि एकदाही तिच्याजवळ बसून ती काय बघते ते बघितलं नव्हतं.

मग त्यांना वास आला. गोड, ओला, जवळून आलेला. वर बघितलं तर कळी लिंबाएवढी राहिली नव्हती. तिच्या टोकाला चीर पडली होती आणि चिरेतून काहीतरी पांढरं बाहेर ढकललं जात होतं.

‘अगं, ऊठ,’ कंट्रोलर म्हणाले. ‘सहा एकेचाळीसला...’ आणि थांबले. वेळ कुणी विचारली होती? बत्तीस वर्षं घोषणा केलेल्या त्या माणसाला वेळेवाचून काही सांगायची सवय नव्हती. पण सांगायला तर हवंच होतं. त्यांनी ताईंचा हात धरून त्यांना फांदीजवळ आणलं आणि जमेल तसं सांगायला लागले. वर एक झाकण होतं, ते दुभंगलं. आत धागे आहेत. पुष्कळ. गुंडाळलेले आहेत, आता एक सुटला. आणखी दोन सुटले. मधे जरा थांबलंय. पुन्हा सुटताहेत. ताईंनी विचारलं, टोकं कशी आहेत? कंट्रोलरांनी डोळे फाडफाडून बघितलं. टोकांचा रंग त्यांनाही आता दिसत नव्हता. गुलाबी आहेत असं सांगून टाकणं सोपं होतं, कागदावर तसंच लिहिलेलं होतं. पण ते म्हणाले, दिसत नाही गं, खरंच दिसत नाही. ताईंनी मान हलवली आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

सातला दोन मिनिटं कमी असताना कड्याच्या वळणावरून इंजिनाचा आवाज आला. बोटवाला बोलल्याप्रमाणे हजर. टॉर्चचा झोत पाण्यावरून नाचत वाळूवर आला, दोघांच्या तोंडावर पडला. बोटवाल्याने लांबूनच हाक दिली की चला, चटकन बसा, पाणी अजून चढतंय, बोट खडकावर आपटेल, मला फार वेळ धरता यायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक वाहन कंट्रोलरांसाठी वेळेआधी आलं होतं. ताई लगेच उठल्या. पिशवी खांद्याला लावली, चप्पल पायाने शोधली. सोडून निघायची त्यांना सवयच होती.

कंट्रोलर एका चपलेनिशी पाण्यात उतरले. बोटवाल्याला वाटलं, म्हातारे चढताहेत, म्हणून त्याने हात पुढे केला. कंट्रोलरांनी त्याच्या हातातला टॉर्च घेतला.

‘थांब जरा,’ ते म्हणाले.

पाणी तुडवत परत आले. ताईंच्या खांद्यावरून पिशवी काढून खाली ठेवली, त्यांना फांदीसमोर उभं केलं आणि उजेडाचा झोत फुलावर धरला. अर्धं उमललेलं होतं. पांढऱ्या धाग्यांचा झुबका अजून उलगडत होता, एकेक धागा सुटून हलायचा आणि स्थिर व्हायचा. ताईंना नळीएवढंच दिसत होतं, म्हणून त्या एका वेळी चार-पाच धागे बघत होत्या, मग मान जराशी हलवून पुढचे. सगळं फूल बघायला वेळ लागणार होता.

‘गुलाबी आहेत,’ ताई म्हणाल्या. ‘अहो, खरंच गुलाबी आहेत.’

मागून बोटवाला ओरडला, ‘साहेब, किती वेळ लागेल?’

कंट्रोलरांची नजर सवयीने मनगटाकडे गेली. पण मनगट बघायचं तर टॉर्च वळवावा लागला असता.

‘सांगता येत नाही,’ ते म्हणाले, आणि झोत हलू नये म्हणून त्यांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरला.

‘थोडा डावीकडे घ्या,’ ताई म्हणाल्या. त्यांनी घेतला.